हिल्माचा तास

प्रिय आर्डिस,

पाकिटावरचं अक्षर तुझ्या ओळखीचं वाटलं नसेल, पण ते माझंच आहे. खोक्यांवर नावं घालायला वापरतात त्या जाड काळ्या पेनाने हल्ली मी लिहिते, कारण बारीक अक्षर मला दिसत नाही. ओळी उतरणीला लागल्या असतील तर कागद तिरपा धर. नऊ वर्षांत मी तुला फक्त नाताळची कार्डं पाठवली, खाली नुसतं नाव. तूही तेवढंच केलंस. माझा मर्ल गेला तेव्हा तुझं कार्ड आलं, त्यातही नुसतं नाव होतं, आणि मी ते उन्हाळाभर फ्रिजवर लावून ठेवलं होतं. मी कशाबद्दल लिहितेय हे तू ओळखलं असशीलच, तेव्हा उगाच आव आणत नाही. त्या मार्चमधल्या मंगळवारबद्दल लिहायचंय, आणि शेवटी तुझ्याकडे एक मागायचंय. द्यावंसं वाटलं नाही तर देऊ नकोस, पण तिथपर्यंत वाच एवढीच विनंती.

आधी गावाची खबर देते, नाहीतर म्हणशील नऊ वर्षांनी आली आणि लगेच रडगाणं सुरू केलं. तुझ्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. त्यांनी घर पिवळं रंगवलंय, लोण्यासारखं पिवळं नाही, शाळेच्या बसचं पिवळं. कुंपणालगतचं तुझं रूबार्ब अजून येतं, पण त्याचे आंबट देठ साखरेत शिजवायचे असतात हे त्या पोरीला माहीत नाही, ती ते गवताबरोबर कापून टाकते. मी एकदा कुंपणापाशी जाऊन सांगणार होते, मग म्हटलं, कशाला नाक खुपसा. बेकरी बंद झाली. यंदा मका उशिरा निघाला, नोव्हेंबर संपत आला, थँक्सगिव्हिंग आलं, तरी शेतात यंत्रं फिरत होती. चर्चच्या तळघरात पुन्हा पाणी झिरपतंय आणि त्याबद्दल पुन्हा समिती नेमलीय.

माझं म्हणशील तर डोळ्यांच्या बरोब्बर मध्यावर एक राखाडी डाग बसलाय. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. माणूस समोर उभा राहिला की त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. काही जणांच्या बाबतीत ही सोयच झालीय म्हणा. मागच्या वर्षी मी चर्चच्या पाटीला गाडी घासली आणि त्याच दिवशी किल्ली टॅमराच्या हातात ठेवली. टॅमरा आठवते ना? आपल्या गोधडीच्या गटात सगळ्यांत लहान, जिला आपण पहिलं वर्षभर नुसते सुईत दोरे ओवायला बसवलं होतं. आता गटाचं सगळं तीच बघते. मंगळवारी तीच मला गाडीने नेते आणि आणते. डेन्व्हरहून माझ्या कर्टिसचा रविवारी फोन येतो, हवेबद्दल बोलतो आणि मग त्याला कुठेतरी जायचं असतं. चांगला मुलगा आहे, तक्रार नाही. पण बुधवार ते सोमवार माझ्याशी कोण बोलतं याचा मी एकदा हिशेब लावायला गेले आणि अर्ध्यातच सोडून दिला, कारण त्यात रेडिओवर धान्याचे भाव सांगणारा माणूसही धरावा लागत होता.

आता हिल्माबद्दल. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला ते क्रमाने लिहायला हवं, नाहीतर मी मधलंच काहीतरी गाळून टाकीन. स्वतःला बोचणारं गाळायची मला सवय आहे. हिल्मा शहाऐंशीची होती, आणि तिचे टाके चिखलातून कोंबडी चालून गेल्यासारखे पडायचे. चर्चच्या तळघरात चौकटीवर ताणलेली गोधडी आपण सात-आठ जणी चहूबाजूंनी बसून शिवायचो, इंचाला दहा टाके, आणि हिल्मासमोरचा वीतभर पट्टा मात्र लांबून ओळखू यायचा. तीनला वृद्धाश्रमाची गाडी तिला न्यायला यायची. ती वर गेली, दार वाजलं, की आपण पुन्हा कॉफी ओतायचो, तिचे टाके उसवायचो आणि तिथे नवे घालायचो, चार वाजेपर्यंत. आपण त्याला हिल्माचा तास म्हणायचो. तू सगळ्यांत हळू उसवायचीस, कापडाला भोकं राहू नयेत म्हणून नखाने दाबत. तिच्या अंत्यविधीनंतर जेवताना तिच्या मुलीने उठून सांगितलं की आईचे टाके शेवटपर्यंत इंचाला दहा होते, आणि आपण सगळ्या बटाट्याच्या सॅलडमध्ये डोळे घालून बसलो. घरी जाताना तू म्हणालीस की आपण एका म्हातारीला सुखाने मरू दिलं. मीही तेच म्हटलं. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

मग तुझा हात थरथरायला लागला. तू ते हसण्यावारी नेलंस. सुई आपली आपणच नाचते, मी फक्त तिला सोबत करते, असं म्हणायचीस. आम्ही हसायचो. आणि नोव्हेंबरमध्ये एकदा, तू हात धुवायला गेली असताना, मी बाकीच्यांना स्वयंपाकघरात घेतलं आणि म्हटलं की आता आर्डिससाठीही तास लावायला हवा. मी म्हटलं, आर्डिस. दुसऱ्या कुणी नाही. पुढच्या मंगळवारी मी तुला सांगितलं की मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला हॉल लागतो, म्हणून आता तीनला आटोपायचं. धडधडीत खोटं. तो वर्ग बुधवारी असतो, आणि तो तू स्वतः दहा वर्षं घेतला होतास. तरी तू बरं म्हणालीस आणि तीनला कोट घालून गेलीस. तो सगळा हिवाळा तू गेलीस की आम्ही तुझे टाके काढत होतो.

मी स्वतःला सांगायचे की चर्चच्या जूनमधल्या विक्रीसाठी गोधडी नीट हवी, लोक नावं ठेवतात. खरी गोष्ट तितकी मोठी नव्हती गं. माझी खुर्ची तुझ्या शेजारी होती. माझे टाके जिथे संपायचे तिथे तुझे सुरू व्हायचे, आणि माझ्या दहाच्या पुढे तुझे ते वेडेवाकडे चार बघवत नव्हते. मला माझ्या हाताचा गर्व होता. चाळीस वर्षांची मैत्रीण माझ्या शेजारी बसून थरथरत होती आणि मला कापडाची पडली होती.

मार्चमध्ये तू केकचं भांडं विसरलीस आणि परत आलीस. तळघराच्या जिन्यावरून कोण उतरतं ते आधी पायांनीच कळतं. मला तुझे हिरवे रबरी बूट दिसले. बाकीच्या त्या क्षणी स्वयंपाकघरात कॉफी ओतत होत्या, चौकटीपाशी मी एकटी होते. मांडीवर तुझा निळा दोरा पडलेला होता, माझ्या हातात उसवायचं हत्यार होतं. तू शेवटच्या पायरीवर थांबलीस. मी वर बघितलं असतं तर तुझं तोंड दिसलं असतं, तेव्हा मला दिसत होतं. मी बघितलं नाही. मान खाली घातली आणि पुढचा टाका उसवला. तू तिथे किती वेळ उभी होतीस ते मला माहीत नाही. मग बूट वळले. भांडं तू नेलंच नाहीस. पुढच्या मंगळवारी तू आली नाहीस तेव्हा मीच सगळ्यांना सांगितलं की आर्डिस दमते हल्ली. मे महिन्यात बहिणीकडे जायला तू सामान भरत होतीस, ट्रक तुझ्या दारात उभा होता, आणि मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

आता गेल्या ऑक्टोबरचं. टॅमराने सांगितलं की दिवस लहान झालेत, अंधाराच्या आत घरी पोचलेलं बरं, तेव्हा यापुढे तीनला आटोपूया. मी बरं म्हटलं. टॅमरा मला घरी सोडायची, आणि मी दारात उभी राहून ऐकायचे, तर गाडी उजवीकडे, तिच्या घराकडे वळायची नाही, पुन्हा चर्चकडे जायची. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी बसल्या बसल्या माझ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. आदल्या आठवड्यात तिथे माझ्या दोऱ्याचा एक गुंता झाला होता, मी तो तसाच ओढून घेतला होता, चांगला मसुराएवढा. तो नव्हता. त्या जागी बारीक, एकसारखे टाके होते. मी नखाने मोजले. इंचाला दहा.

तू पुढच्याच मंगळवारी यायचं थांबवलंस. मी मात्र त्यानंतर सहा मंगळवार गेले, आर्डिस. सगळं माहीत असून गेले, मूग गिळून बसले, शिवलं, तीनला उठले. कारण सांगते, हसू नकोस. निघताना टॅमरा माझ्या कोटाची बाही धरते आणि माझा हात त्यात घालते. आठवड्यात मला तेवढाच एक हात लागतो. तो सोडायची माझी हिंमत झाली नाही. तू जेव्हा सोडलंस तेव्हा तुझा डीन जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तुझ्याकडेही मंगळवारशिवाय काही नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असणं आणि कळणं यात एवढं अंतर असतं हे मला या वयात समजलं.

गेल्या मंगळवारी टॅमरा कोट घेऊन आली तेव्हा मी उठले नाही. मी म्हटलं, “कोट राहू दे. आज माझे टाके मी स्वतः उसवते, तुम्ही कॉफी घ्या.”

टॅमरा म्हणाली, “तसं काही नाहीये, व्हर्डेल. तुम्ही उगाच मनाला लावून घेताय.”

“हे खोटं मी तुझ्या आधीपासून बोलतेय, टॅमरा, आणि तुझ्यापेक्षा बरं बोलते.”

ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, पण आवाज रडवेला झाला होता. म्हणाली, “तुम्हीच शिकवलंत आम्हाला. आम्हाला वाटलं, तुम्हाला कळणार नाही. आर्डिसला कुठे कळलं होतं?”

त्यांना माहीतच नव्हतं गं. नऊ वर्षं त्या समजत होत्या की हिल्मासारखंच तुलाही काही कळलं नाही आणि तू सुखात गाव सोडलंस. जिन्यावर तुला पाहणारी मी एकटीच होते, आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, मर्लला सुद्धा नाही. मी म्हटलं, “कळलं होतं. ती परत आली होती, तिने बघितलं. आणि तिने बघितलं हे मी बघितलं.” एवढं बोलायला मला नऊ वर्षं लागली. कुणी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं. मग मी खरंच माझे टाके उसवायला घेतले, पण मला दोरा दिसेना, आणि टॅमराने माझ्या हातातून ते हत्यार काढून घेतलं आणि खिशात टाकलं. माझ्या दाराशी गाडी आल्यावर तिने एवढंच विचारलं की आर्डिस आता कुठे राहतात. मी सांगितलं, चाळीस मैलांवर. ती म्हणाली, एवढंच ना.

आता मागायचं ते मागते. त्या मार्चमधली आपली गोधडी जूनच्या विक्रीला गेलीच नाही. किनार घालायला म्हणून मी ती घरी आणली आणि विक्रीला माझ्या कपाटातली दुसरी दिली. त्या दिवशी तू वळलीस त्यानंतर मी एकही टाका उसवला नव्हता, आणि त्या जागी नवा घालूही दिला नाही कुणाला, काहीतरी सबब सांगितली. त्यामुळे तिच्या एका कोपऱ्यात तुझा त्या दिवशीचा अर्धा पट्टा जसाच्या तसा आहे, आणि शेजारी दोन वितींची जागा, जी मी उसवली, ती मोकळी आहे. तिथला कापूस आता सुटून एका बाजूला गोळा झालाय. नऊ वर्षं दुपारची मी तीच पांघरून पडते. विचारशील, तुझी माफी का मागत नाही. मागते, आर्डिस, पण माफी पत्रातून मागून मोकळं व्हायचं, हे मला फार सोपं वाटतं. मला ती गोधडी पुरी करायचीय, आणि ती जागा तुझी आहे, तिथे दुसऱ्या कुणाचा टाका मी चालवून घेणार नाही. तू म्हणशील त्या मंगळवारी टॅमरा मला गोधडीसकट तुझ्या दारात आणून सोडेल. हात थरथरला तर थरथरू दे, चार पडले तर चार. बाकी सगळ्या गोधडीवर बोट फिरवलं तरी कुठला टाका कुणाचा ते मला सांगता येत नाही, माझा स्वतःचा सुद्धा नाही. तुझे तेवढे मला न बघता ओळखू येतात.

तुझ्या उत्तराची, आणि उत्तर आलं नाही तरी तुझीच,
व्हर्डेल