कधीच बंद न होणारं चुंबक

प्रिय वन्सं,

तुला ही हाक जुनाट वाटते, ठाऊक आहे. पण आज मन थाऱ्यावर नाही, त्यामुळे सवयीचंच लिहिलं जातंय. सकाळपासून तीनदा कागद घेऊन बसले आणि तीनदा उठले. एकदा दूध उतू गेलं. एकदा उगाचच दाराची कडी बघून आले. एकदा जपाला बसले, तर माळेचा मेरुमणी कधी येऊन गेला तेच कळलं नाही. देवासमोर बसूनही माझं लक्ष घड्याळाकडे.

तुझ्या दादाचा डावा कान महिनाभर वाजतोय आणि उठता-बसता घेरी येते. कानामागे काही गाठबीठ नाही ना, ते बघायला डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय. शुक्रवारी सकाळी दहाची वेळ आहे आणि आज मंगळवार. तिथे आधी एक फॉर्म भरून घेतात. त्यात विचारलं होतं, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? यांनी चष्मा लावून, ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘नाही.’ वन्सं, ते खोटं आहे. यांच्या डाव्या डोळ्याच्या खोबणीत एक कण आहे. तीन गेले होते, त्यातले दोन डॉक्टरांनी काढले. तिसरा खोल होता, तो राहू दे म्हणाले, निमूट पडून राहील. तो तीस वर्षं निमूट पडून आहे.

मी तिथल्या मशीनवाल्या बाईला विचारलं की मशीन सुरू करायच्या आधी माणसाला आत झोपवतात की नंतर. ती हसली. म्हणाली, मावशी, ते चुंबक कधी बंद होतच नाही, दिवे गेले तरी नाही. एकदा फरशी पुसणारीची लोखंडी बादली दारातूनच उडाली आणि आत जाऊन चिकटली, ओढून काढायला चार माणसं लागली. मी आणखी काही बोलणार, एवढ्यात हे मध्ये पडले, म्हणाले, हिला सगळ्याचीच भीती, मिक्सर लावतानाही देवाचं नाव घेते. ती बाई परत हसली आणि फॉर्म फाइलला लागला.

घरी येऊन मी माळ्यावरून तुझं कॉलेजचं पदार्थविज्ञानाचं पुस्तक काढलं. कागद चांगला आहे म्हणून रद्दीत दिलं नव्हतं. आमच्या मॅट्रिकला चुंबक होतं, पण उत्तर-दक्षिण लिहिलं की गुण मिळायचे, समजायची सक्ती नव्हती. आता एकेक ओळ चार-चारदा वाचते आणि हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवते. यांच्या वायसखालचा, म्हणजे घासायची वस्तू धरायच्या पकडीखालचा, लोखंडाचा कीस कागदावर पसरला आणि खाली जुन्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक धरलं. कागदाला टिचकी मारली तर सगळा कीस ओळीने उभा राहिला, कुणी आखून दिल्यासारखा. जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे वाटा आधीपासून होत्या. न दिसणारा असतो, हे मी जन्मभर म्हणत आले. त्या किसाकडे बघून मात्र पहिल्यांदा न दिसणाऱ्याची भीती वाटली.

मग सुई घेतली. चुंबक चार बोटांवर नेलं, सुई ढिम्म. तीन बोटांवर नेलं, तरी ढिम्म. दोन बोटांवर मात्र ती आधी जागच्या जागी फिरली, टोक चुंबकाकडे केलं, आणि मी श्वास घेईपर्यंत जाऊन चिकटली. ओढ बेताबेताने वाढत नाही गं, अगदी जवळ गेलं की एकदम झडप घालते. आणि लांबट वस्तू ओढली जायच्या आधी फिरते. टेबलावर सुईला फिरायला जागा होती, डोळ्यामागे कुठे आहे? घरभर चुंबक घेऊन हिंडले. पितळेचा दिवा, तांब्याचा लोटा, माझी अंगठी, कशालाच त्याचं काही नाही. विळी, किल्ल्या, बिजागऱ्या मात्र लगेच ओळख देतात. हे म्हणाले, आता शेजाऱ्यांकडेही फिरवून आण.

आता जे लिहिते त्याबद्दल तू मला काय बोलायचं ते बोल. रविवारी दुपारी हे झोपले होते. माझ्या मनात आलं, एवढ्या वर्षांत कण गंजून विरून गेला असेल, तर उगाच कशाला भांडायचं? आपणच बघून घ्यावं. म्हणून मी ते स्पीकरचं चुंबक यांच्या मिटलेल्या डोळ्याजवळ नेलं. बोटभर अंतर ठेवलं होतं. हे दचकून उठले, म्हणाले, डोळ्यात काय टोचलं? मी चुंबक उशीखाली सारलं आणि म्हटलं, डास असेल. तेव्हापासून डोळा लाल आहे. हे पंख्याच्या धुळीला शिव्या देतात आणि मी थेंब घालते. माझ्या हातातलं चुंबक एका जुन्या रेडिओचं. त्या मशीनच्या माहितीपत्रकात लिहिलंय, पृथ्वीच्या चुंबकापेक्षा तीस हजार पट.

काल रात्रीच्या जेवणाआधी सगळं यांना सांगितलं, उशीखालच्या चुंबकासकट. मला वाटलं रागावतील. तर हे म्हणाले, तू मला लोखंड शिकवणार? चाळीस वर्षं मी ते घासलं. त्या पत्रकात सरळ लिहिलंय की आधी डोळ्याचा एक्स-रे काढतात आणि कण दिसला तर कान दुसऱ्या मशीनवर बघतात. ते दाखवलं, तर म्हणे, मग विचारतील कधी गेला, कसा गेला, आणि ते फिरून घरापर्यंत येईल. तू तिथे एक शब्द बोललीस तर मी टेबलावरून उठून येईन, मग कानात काय झालंय ते कानालाच विचार. तुला तुझा दादा माहीत आहे. उठून येईलही. म्हणजे मी बोलले तर कान तपासायचा राहतो आणि गप्प बसले तर डोळा जातो. त्यांनी आपल्या हाताने ‘नाही’ खोडलं पाहिजे, आणि ते खोडायला लावणारं माणूस जगात एकच आहे.

तुला आठवत असेल, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तुला विद्युतचुंबकाच्या प्रयोगासाठी मऊ लोखंडाचा गाभा हवा होता, बाजारात मापाचा मिळत नव्हता, आणि तीन दिवसांत दादाने आणून दिला. तो त्यांनी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या ग्राइंडरवर, चोरून घासला होता. डोळे झाकायचा चष्मा स्टोअरकीपरकडे मागितला असता तर काम उघड झालं असतं, म्हणून तसाच घासला, आणि कण डोळ्यात उडाले. पट्टी बांधून घरी आले तेव्हा तुला सांगितलं, वेल्डिंगची झळ लागली. तुझा प्रयोग पहिला आला, आणि त्या संध्याकाळी त्यांनी मला देवासमोर शपथ घ्यायला लावली की हे तुला कधी कळता कामा नये. ती शपथ मी आज मोडतेय. देवाला सांगून झालंय, पुढचं त्याचं-माझं आम्ही बघू. फोन यांच्या खुर्चीशेजारीच असतो, म्हणून हे पत्र औषधांच्या गाडीवाल्याबरोबर देते, संध्याकाळी तुझ्या हातात पडेल. उद्याच्या पहिल्या बसने ये. यांच्यासमोर बस आणि तो गाभा कसा घासला ते तुला माहीत आहे म्हणून सांग, म्हणजे लपवायला काही उरणार नाही आणि हे स्वतःच एक्स-रेला तयार होतील. तुला वाईट वाटेल म्हणून आम्ही दोघं तीस वर्षं गप्प राहिलो. आता वाटून घे वाईट, पण बसमध्ये बसून वाटून घे.

तुझीच,
वहिनी