शालिग्रामच्या पंगतीले

जगदेवदादा,

भाकरी टोपल्यात हाय. बाजाराच्या वांग्यांवर ओलं फडकं टाकजो.

मी शालिग्रामच्या घरी जेवाले गेली. जेलातून सुटल्यावर त्यानं आज जातीले पंगत देली हाय. आडावर बाया म्हणत होत्या, कोणीच जाणार नाई. अन् त्याच्या घरचं कोणी खाल्लं नाई, तं तो जातीबाहेरच राह्यते.

मी विधवा; त्याच्यासंगं पाट लावाचा, दुसरं लगन कराचं का नाई, हे अजून माहं ठरलं नाई. मले त्याचं भेव वाटते. वावरातल्या पाण्याच्या पाळीवरून आपल्या चुलत्याचं डोकं काहून फोडलं, म्हणून मी इचारलं. तो म्हणे, "राग आला अन् फोडलं. दारूबी पेलो नव्हतो." खोटं बोलला असता तं मले नाई म्हणणं सोपं गेलं असतं.

पण पत्रावळी मांडून तो एकटा बसला असन, अन् मी इथं जेवू, हे माह्यानं होत नाई.

माहा पाण्याचा गडवा चुलीपाशी हाय. तिथं जेवलेली बहीण तुले घरात चालत नसन, तं तो बाहेर ओट्यावर ठेवजो. मी दारातूनच त्याच्याकडे माघारी फिरीन. मंग पाटाचंबी तूच ठरवून देलं, असं समजीन.

रंगू