चहाच्या मळ्यात थांबलेली बस

वालपराई, १२ सप्टेंबर

ती. आई,
लांबूनच पाया पडते.

मी ठीक आहे. सहलीत शाळेतल्या सगळ्या बाई मला सांभाळून घेतात. इथे डोंगरभर चहाचे मळे आहेत आणि मधेमधे दाट जंगल. काल रस्त्यावर हत्तींचा कळप आला म्हणून आमची बस दोन तास थांबली. घाबरू नका, हत्ती बरेच लांब होते. घरी अवधपुरीत पाऊस आहे का? शमिका आजीचं ऐकून वेळेवर जेवते ना?

आई, एक सांगायचं आहे. फोनवर धीर झाला नाही. हे गेले तेव्हा यांची आवडती गोष्ट म्हणून आपण दोघींनी चहा सोडला. काल मी तो प्यायले.

बस थांबली तिथे पानं खुडणारी एक झारखंडची बाई आम्हाला चहा देत होती. मी नको म्हटलं, कारणही सांगितलं. ती म्हणाली, "मेरा भी आदमी नहीं रहा, दीदी. मैं चाय छोड़ दूँ तो बच्चों को क्या खिलाऊँ?" आणि स्वतःच हसली. मग मला तो कप परत करता आला नाही.

पिताना यांची आठवण आली, पण रडू आलं नाही. वर्षभरात पहिल्यांदाच.

तुम्ही रागावलात तर ऐकून घेईन. पण चहा सुटल्यापासून तुमचं डोकं दुखतं आणि तुम्ही दार लावून कपाळाला सुंठ लावता, हे मला माहीत आहे. पत्र मिळेल त्या दुपारी शमिकाला आलं घालून चहा करायला सांगा. माझ्यासाठी थांबू नका.

तुमची,
वसुधा