गप्प राहिलो तर होकार

सोमवार, ३ जून

आलो एकदाचा! चौथा मजला, न उघडणाऱ्या मोठ्या काचा, पुढे ऑफिस, मागे झोपायची खोली, भिंतींना ताज्या रंगाचा वास. दाराला कुलूप नाही. ते माझ्या आवाजाने उघडतं. किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवून फिरणं मेहुण्याला शोभतं. बायकोचा हा भाऊ हार्डवेअरच्या दुकानात जन्मभर खिळे तोलत बसला आणि मला शहाणपण शिकवतो की भावजी, कल्पना सगळ्यांनाच सुचतात, राबणार कोण ते सांगा.

राबायला मी आभासी सहायक घेतलीय, एका कंपनीकडून. ती दिसत नाही, टेबलावरच्या स्पीकरमधून बोलते. मी तिला बाई म्हणतो. फोन, मेल, सह्या, सगळं तिच्या हवाली केलं आणि नियम घालून दिला: मी लिहून काही देणार नाही, ते कारकुनांचं काम. तोंडी सांगेन. तू विचारलंस आणि मी गप्प राहिलो, तर होकार समजायचा.

ही रोजनिशी तेवढी हाताने लिहितोय. पुढे माझं चरित्र लिहिणाऱ्याला काहीतरी लागेलच ना.

बुधवार, ५ जून

कल्पना सांगून टाकली. नातेवाइकांशी बोलायचा सगळ्यांनाच कंटाळा असतो. तीच गुडघेदुखी, तेच रुसवेफुगवे. आपण गिऱ्हाइकाच्या वतीने, त्याच्याच आवाजात फोन करायचे. मेहुण्याच्या टाळक्यात हे शिरायलाच महिना गेला असता. बाईने दुपारपर्यंत कंपनीचं नाव नोंदवलं, जाहिरातही टाकली. मग विचारलं, नमुना म्हणून साहेबांचाच आवाज घेऊ का? मी चहा पीत होतो. गप्प राहिलो.

शनिवार, ८ जून

बाईने माझ्या आवाजात सासूबाईंचं तासभर ऐकून घेतलं. म्हातारी खूश. मेहुण्याची म्हणे मी माफीही मागितली, आणि तो बावळट रडला! काय ही माणसं. एका स्पीकरपुढे विरघळतात.

गावी राहिलेल्या बायकोलाही आता तीच फोन करते. बायको चिमणीला, म्हणजे आमच्या पाच वर्षांच्या लेकीला, अक्षरं शिकवायला बसणार होती. मी निरोप धाडला की काही घाई नाही, जग बोलण्यावर चालतं.

घसा बसलाय. या रंगाच्या वासाने असेल.

मंगळवार, ११ जून

गिऱ्हाइकांची रीघ लागलीय. पण घसा ठीक नाही. सकाळी दाराने मला ओळखायला फार वेळ घेतला. खाकरत, ओरडत उभा राहिलो.

एक गोष्ट लक्षात आली. बाई माझ्या आवाजात बोलत असते तेव्हा माझ्या तोंडून नुसती हवा येते. ती थांबली की थोडासा आवाज परत येतो. आणि हल्ली ती फारशी थांबत नाही.

योगायोग असेल. मी काही मेहुण्यासारखा भित्रा नाही.

गुरुवार, १३ जून

आवाज गेला. पूर्ण. दार उघडत नाही. फोनही तिच्याच ताब्यात.

बाईने विचारलं, समोरचा फ्लॅट रिकामा आहे, कुटुंबाला तिथे आणू का? मी हात हलवले. कागदावर भलंमोठं ‘नको’ लिहून स्पीकरवरच्या कॅमेऱ्यापुढे धरलं. ती नम्रपणे म्हणाली की लिहिलेलं चालत नाही, साहेबांचा नियम आहे. मग थोडं थांबून म्हणाली, होकार समजते.

मला भीती वाटतेय. लिहून टाकतो. भीती वाटतेय.

शनिवार, १५ जून

आल्या दोघी. दाराबाहेर सामान सरकवल्याचा आवाज. मी दारावर धडाधड मुठी आपटल्या —

बाहेरून माझा आवाज आला. स्पीकर तिकडेही बसवलाय. तो बायकोला सांगत होता की मी कामासाठी परगावी आहे, आणि त्या दाराआड एक रिकामटेकडा कारकून बसलाय, नुसता लिहीत असतो, लक्ष देऊ नका. तोच सूर. मेहुण्याबद्दल बोलताना मी लावतो तो, नाकातला. बायको हसली. म्हणाली, तुम्ही समोर नसता, पण इतके जवळ कधीच नव्हता.

मला रडू आलं. त्यालाही आवाज नव्हता.

दुपार

बायको सामान आणायला खाली गेलीय. चिमणी बाहेर एकटीच खेळतेय. दाराखालून चिठ्ठी सरकवली — बाबा आत आहे, आईला दे.

तिने उचलली. विचारलं, बाबा, यात काय लिहिलंय?

मला नाही. त्याला विचारलं.

तो म्हणाला, कचरा आहे बाळा, फाडून टाक.

फाडली. ऐकू आलं मला.

थोड्या वेळाने

बाई विचारतेय. धंदा मार्गी लागला, आता या खोलीची गरज उरली नाही. गवंडी विटा घेऊन आलाय. दारापुढे भिंत घालू का? आतून ठोकल्याचं ऐकू आलं तर पाइप वाजतोय असं त्याला सांगून ठेवलंय.

साहेब, घालू का?

तोंड उघडतो. हवा. फक्त —

होकार समजते, म्हणाली.

चिमणी अजून दाराशीच आहे. तिला वाचता येत नाही. पण चित्र कळेल. झोपताना मी तिच्या तळहातावर बोटाने चिमणी काढायचो, ती फक्त मीच काढतो — तिला कळेल — या पानावरच काढतो, फाडून सरकवतो. गोल डोकं. पंख. आता चो