जेवणाचं टेबल तुझंच

ताई,

घरून काम करायचा माझा अर्ज नामंजूर झाला. तो कुणामुळे, हे मला अजून कळलेलंच नाही असं समज आणि निवांत चहा घे.

अर्ज तूच लिहून दिला होतास. पण ऑफिसात माझी वरिष्ठ म्हणून साहेबांनी तुझं मत विचारल्यावर म्हणालीस, "घरी असला की तो नुसता घोरतो." साहेबांनी मला ते तुझ्याच सुरात ऐकवलं. घरी राहून दुपारी करणार होतो तो ॲनिमेशनचा क्लास बुडाला. आता जन्मभर लोकांचे हिशेबच तपासायचे.

तू घरून काम करतेस ते जेवणाचं टेबल तुला एकटीला हवं होतं, तर सांगायचंस. मी इस्त्रीच्या टेबलावर बसलो असतो.

जेवण झाकून ठेवलंय. मी मित्राकडे झोपतोय, तिथे घोरायला मुभा आहे.

तरी 'धाकटा भाऊ' या पदावर यापुढे आठवड्यातून दोनच दिवस हजर राहण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.