किंकाळीला दिलेली साथ

लिहून ठेवणार मी, पत्र्याचे डबे, पन्हळी आणि धुराडी करणारा कारागीर, वय वर्षे एकाहत्तर. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा दाखला शेजारच्या डॉक्टरांनी दिला आहे. कोणाच्या दडपणाखाली मी हे लिहीत नाही. मला दडपणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे मी रागाच्या भरात फाडली, ती कोणी चिकटवत बसू नये.

१. राहते घर व पुढचे दुकान माझ्या धाकट्या बहिणीस, पूर्ण मालकी हक्काने. हे उपकार नव्हेत. कारण लिहितो.

आम्ही तिघे वाजवायचो. धाकटी पियानो, मी पत्रे, साखळ्या नि रिकामी पिंपे, आणि तिसरा सॅक्सोफोनवाला भोंगा. त्याचे खरे नाव घेऊन मी तोंड विटाळणार नाही. आमच्या वादनात आधी ठरवलेले काहीच नसे. चाल नाही, ठेका नाही, समोर कागद नाही. दुसरा काय करतो ते ऐकायचे आणि त्याच क्षणी सुचेल ते उत्तर द्यायचे. धाकटी पियानोच्या तारांत चमचे खुपसायची, मी पत्र्यावरून साखळी ओढायचो. नियम एकच होता: कोणी काहीही केले तरी त्याला थांबवायचे नाही. या नियमाचा आम्हाला फार अभिमान होता.

एकदा तालमीत धाकटीने भोंग्याला सुनावले, "तू ऐकतच नाहीस कुणाचं. नुसता भुंकतोस." दुसऱ्या दिवशी भर कार्यक्रमात तो पियानोपाशी गेला आणि पट्ट्यांवरचे झाकण त्याने तिच्या हातांवर आपटले. दोनदा आपटले, तिसऱ्यांदा वर चढून बसला. ती किंचाळली. मला ती किंकाळी सुरेख वाटली आणि मी पत्र्यावर तिला उत्तर दिले. ती आणखी ओरडली, मी आणखी जोरात बडवले. तिच्या मांडीवर रक्त दिसेपर्यंत मी थांबलो नाही. श्रोते उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिच्या उजव्या हाताची दोन बोटे कापावी लागली.

पुढे मी त्या दिवसाची टेप ऐकली. ती नुसती किंचाळत नव्हती. "दादा, दादा" म्हणत होती. मला लाज वाटते.

२. भोंग्यास काहीही नाही. त्याच्या दारात जाऊन मी हातोडीने त्याचे समोरचे चार दात पाडले आणि अकरा महिने तुरुंगात काढले. शेजाऱ्यांनी धरले नसते तर खालचेही पाडले असते. माझ्या अंत्ययात्रेत तो दिसल्यास त्याला हाकलावे. हळुवारपणे हाकलू नये.

३. पत्रे, साखळ्या व पिंपे भाचीस, म्हणजे धाकटीच्या मुलीस. तिला हे वादन शिकायचे आहे. पोरी, यात चुकीचा सूर नसतो असे तुला सगळे सांगतील, आणि ते खरे आहे. पण माणूस ओरडले की हातातले टाकून उठायचे. कार्यक्रम गेला खड्ड्यात. ही अट मान्य नसेल तर सगळे भंगारात घालावे.

पुरवणी: वरील मजकूर वकीलबाईंनी सर्वांसमोर वाचला. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, केल्यास त्याचा वाटा बुडतो, असे त्यांनी बजावले. त्यासाठी शेजारची शिंपीण बोलावली होती. धाकटीने तिच्या हातातून पेन काढून घेतले.

"मी करते सही."

"अगं, घर जाईल तुझं!"

"जाऊ दे. घर देऊन सुटशील असं वाटलं तुला? तिसरं कलम तेवढं ठेव, दादा. पोरीला त्याची गरज आहे."

मी पुष्कळ आरडाओरडा केला. तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि मग सही केली. घर आता कोणाला द्यावे ते मला सुचत नाही. वकीलबाईंनी ती ओळ कोरी सोडली आहे.

लिहून ठेवणार: सही
साक्षीदार: १. शेजारचे डॉक्टर, सही
२. धाकटी बहीण, सही
स्थळ: दुकानामागची खोली
दिनांक: नऊ मार्च, दुपारी चार वाजता