डावीकडून तिसरा खांब

वेर्खोयार्स्क,
२८ डिसेंबर १८३३, दुपार

प्रिय झिनोच्का,

तुला आणि घरच्या सगळ्यांना नाताळचे आशीर्वाद. तुझी लेक लिपा सुखरूप पोचली. तिच्याबरोबर पाठवलेला हंस वाटेत गोठून दगड झाला होता, शिजता शिजेना. चव मात्र तुझ्या हातची.

आमचा चौक आता तू ओळखणार नाहीस. मधोमध नवं नाटकघर आणि दोन्ही बाजूंना एकाच उंचीची पिवळी घरं. आमच्या घराला वरचा मजला नाही, तुला ठाऊकच आहे. पण रांग मोडता कामा नये, असा गव्हर्नरसाहेबांचा हुकूम. म्हणून वर नुसती भिंत उभारून तिच्यावर खिडक्या रंगवल्यात. वर कोण राहतं असं कुणी विचारलं, की मी सांगते, "सासूबाई." मग कुणी वर जायचं नाव काढत नाही.

साहेबांना धुराडं दिसलेलंही खपत नाही. नाटकघराच्या नकाशात ह्यांनी छपरावर धुराडं काढलं, तर भर बैठकीत म्हणाले, "आर्दालिओन पेत्रोविच, राजधानीतल्या नाटकघराच्या डोक्यावर असलं मडकं कधी पाहिलंत?"

"हुजूर, तळघरातल्या भट्टीच्या धुराला वाट तर हवी."

"दर्शनी बाजूला आठ पोकळ खांब आहेत की! एकातून काढा."

"ते लाकडी आहेत, हुजूर. वर नुसता गिलावा."

"मग गिलावा जाड करा. तुम्ही वास्तुशिल्पी आहात की चुली घालणारे गवंडी?"

सगळे हसले. हेही हसले आणि तसंच करून मोकळे झाले.

तो डावीकडून तिसरा खांब. त्याच्यावर बर्फ टिकत नाही. गाडीवान त्याला 'आजी' म्हणायचे, पाठ शेकत गप्पा मारायचे. मीही एकदा टेकले होते, छान ऊब होती. परवा तिथं कुणीच नव्हतं. मी आमच्या गाडीवानाला, येफीमला विचारलं, "काय रे, आजीशी भांडलात वाटतं?"

"आजीला ताप भरलाय, बाईसाहेब. हात लाववत नाही."

आणि खरंच, गिलाव्याच्या भेगेतून राळ ओघळत होती, मधासारखी. आतलं लाकूड घाम गाळत होतं.

हे काल साहेबांकडे गेले, भट्टी विझवू द्या म्हणून हात जोडले. साहेब म्हणाले, "पहिल्याच खेळाला पाहुण्यांना गारठवू? चार दिवसांनी बघू." खेळ आज संध्याकाळी आहे. घरी आल्यापासून ह्यांनी अन्नाला हात लावलेला नाही. खेळ संपेपर्यंत खांबापाशी पाण्याची पिंपं घेऊन उभा राहीन म्हणतात. मी पुढच्या रांगेत बसायचं. ह्यांनी दारातून खूण केली, की कसलीही घाई न करता, शाल सावरत उठायचं. "तू निवांत उठलीस तर बायका मागोमाग उठतील," म्हणाले. "कुणी किंचाळलं तर दारात चेंगराचेंगरी होईल."

मला भीती वाटते, झिना. पण ह्यांना तिथं एकटं सोडून मी घरात बसू?

लिपाला मी नेत नाही. घसा लाल झालाय असं तिला खोटंच सांगितलं आणि नदीपलीकडे फेक्लाबाईंकडे पोचवलं. पोरगी ठणठणीत आहे. नवा झगा घालून रडत होती. "मावशी, तू माझी वैरीण आहेस!" म्हणाली. मी तिची वेणी नीट केली आणि निघून आले.

येफीम गाडी घेऊन आलाय. हे पत्र त्याच्या हाती फेक्लाबाईंकडे धाडते. उद्या सकाळी मी स्वतः जाऊन ते परत घेईन आणि चुलीत टाकीन. मी गेले नाही, तर लिपाबरोबर ते तुझ्याकडे पाठवा, असं त्यांना सांगून ठेवलंय.

तेव्हा, झिनोच्का, हे तुझ्या हाती न पडो.

तुझी ताई,
कापितोलिना